अक्का, त्याचा डिस्प्ले तेवढा चांगला आहे

अक्का,

अर्जाला आधी मायना लागतो. मा. तहसीलदार साहेब, महोदय, सविनय सादर. रोज उठून लोकांसाठी मी हेच लिहितो. तुला काय मायना लावावा ते काही सुचेना, म्हणून नुसतं अक्का लिहिलं. आणि हातानं लिहून राहिलोय, कारण लॅपटॉप बंद पडलाय. तू गेलीस त्याच दिवशी तोही गेला. लोकांना सांगितलं तर वाटेल, हा अर्जनवीस आता गोष्टी रचायला लागला. तसं काही नाही. त्याचं कारण एकदम साधं आहे, आणि ते ऐकून तू मला नीट शिव्या घातल्या असत्यास.

त्या दिवशी मी निलंग्याला तहसीलसमोर आपल्या पत्र्याखाली बसलो होतो. एका म्हाताऱ्याचा वारसाच्या नोंदीचा अर्ज अर्धा झाला होता. तुझ्या नांदेडच्या कॉलेजातून फोन आला. मॅडम लॅबमध्येच कोसळल्या, दवाखान्यात आणलंय, तुम्ही या. मी 'बरं' म्हणालो. अगदी असंच, कुणी 'उद्या ये' म्हटल्यावर म्हणावं तसं बरं. लॅपटॉपचं झाकण लावलं, तो बॅगेत कोंबला, चेन ओढली, म्हाताऱ्याला उद्या या म्हणालो, घरून आईला घेतलं आणि लातूरची एसटी धरली. बंद केला नव्हता गं त्याला. चालू होता तसाच बॅगेत घातला.

तू किती वेळा सांगितलं होतंस. "मिल्या, झाकण लावलं म्हंजे तो झोपला असं न्हाई. म्हातारं माणूस हाय ते, डोळे मिटून जागंच ऱ्हातंय. आधी बंद कर, दिवा इझू दे, मग बॅगंत घाल. न्हाईतर आत गुदमरून मरंल एक दिवस." सदर सूचना मला पूर्णपणे मान्य होती. पाळतही होतो. तो एकच दिवस चुकला.

लातुरात गाडी बदलली. तिथून नांदेडपर्यंत बॅग माझ्या मांडीवर होती. अहमदपूर गेलं. मांडी भाजून राहिली होती. काहीतरी गरम लागतंय हे कळत होतं, पण ते आपल्या मांडीला लागतंय आणि आपण ते बाजूला ठेवू शकतो, एवढं पुढचं कळत नव्हतं. आई शेजारी खिडकीच्या दांड्याला डोकं टेकून बसली होती. ती एकदाच बोलली. "कशाचा वास यून राहिलाय रे?" मी म्हणालो, "गाडीचा असंल." लोहा मागे पडल्यावर कधीतरी बॅग गार झाली. मांडीवर अजून तांबडा डाग आहे. दुखत नाही. बोट दाबून बघतो मधून मधून, तरी दुखत नाही.

आम्ही पोचायच्या आधीच तू गेली होतीस. फोनवर कुणी सांगायला धजलं नव्हतं इतकंच. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले. डॉक्टर समजावून सांगत होते आणि मी वर बघत होतो. वरचा पंखा कुरकुर करत होता. मला वाटलं, ह्याचं बुशिंग गेलंय, अक्का असती तर तिनं आत्ताच्या आत्ता स्टूल मागितलं असतं. हा माझा पहिला विचार. बाकीचे लोक अशा वेळी काय विचार करतात मला माहीत नाही.

मग एक तरुण डॉक्टरीण आली. तुझ्या पर्समध्ये नेत्रदानाचं कार्ड होतं, ते तिनं दाखवलं. म्हणाली, फार वेळ हातात नसतो, नातेवाइकांची संमती लागते. तू हे आम्हाला कधीतरी सांगितलं होतंस, आणि आम्ही 'हाव हाव' म्हणून सोडून दिलं होतं. सांगितलं होतंस तेही कसं, तर भाजी निवडता निवडता, दुधाचा हिशेब सांगावा तसं. मी आईकडं गेलो. ती बाकड्यावर बसली होती, चपला काढून, पाय वर घेऊन. म्हणालो, "आई, अक्कानं डोळे द्यायचं लिहून ठेवलंय." आईनं माझ्याकडं बघितलं नाही. "तिनं म्हणलंय तर दे," म्हणाली. बस्स. मी सही केली. सह्या घेणं हाच माझा धंदा. कुठं करायची, नाव कुठं लिहायचं, कुणी दाखवावं लागलं नाही. हात जरा सुद्धा हलला नाही. त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं आणि मी बाहेर थांबलो. नंतर तुझा चेहरा बघितला तर होता तसाच होता. पापण्या मिटलेल्या. पांढऱ्या कपड्यात तू जरा चिडल्यासारखी दिसत होतीस. तुला पांढरा रंग आवडत नसे, मळतो म्हणून.

पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. भन्तेजी आले, त्रिसरण-पंचशील झालं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्या कॉलेजची माणसं उठून उठून बोलली. सुजातामॅडम अशा, सुजातामॅडम तशा. मला वाटून राहिलं होतं की हे कुण्या दुसऱ्याच बाईबद्दल बोलतायत, कारण तू कुणाला 'मृदुभाषी' वाटशील हे मला पटत नाही. मावशी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "रड रे बाबा, असं कोंडून ठिवू नको." मी म्हणालो, "रडतो." पण आलंच नाही. जेवलो. दोनदा भात घेतला. आंघोळ केली, झोप लागली. आतून सगळं बधिर. दात काढल्यावर गाल असतो ना, आपलाच पण आपला नसलेला, तसं.

आणि लॅपटॉपची बॅग मी उघडलीच नव्हती. निलंग्याला परत आल्यावर खुंटीला टांगून ठेवली. कामावर जायला लागलो तेव्हा काढली. बटण दाबलं. काही नाही.

त्याचं काय काय करायचं हे मला पाठ होतं, कारण तू ते मलाच करायला लावायचीस. हे आपलं जुनं भांडण. हैदराबादच्या बाजारात एका कंपनीनं काढून टाकलेल्या मालातून तू तो माझ्यासाठी आणलास. काळा, जाड, वीट घ्यावी तसा जड, कीबोर्डच्या मधोमध तो लाल ठिपका. मी म्हणालो होतो, "हे काय भंगार आणलंस?" तू म्हणालीस, "साहेब लोकांचं हाय. नव्या चकचकीत पोराला चार वर्सांत कंबरदुखी लागंल, हे म्हातारं तुला अर्ज लिहून देत बसंल." आणि पहिल्याच दिवशी अट घातलीस की तू त्याला हात लावणार नाहीस. काय बी झालं तरी मीच उघडायचं. तू समोर बसणार, हाताची घडी घालून. नांदेडला असलीस तर व्हिडिओ कॉलवर, तिथंही हाताची घडी. मला राग यायचा. अख्ख्या कॉलेजाचे कॉम्प्युटर ही बाई दुरुस्त करते आणि सख्ख्या भावाला म्हणते, आता ती पट्टी उचल, नखानं न्हाई, बोटाच्या पेरानं. मी एकदा चिडून म्हणालो, "तुला काय माझी परीक्षा घ्यायचीय का?" तर म्हणालीस, "मी केलं तर तू बघतच न्हाईस. तू चहा प्यायला जातूस." हे खरं होतं, म्हणून मी आणखी चिडलो.

पहिल्यांदा उघडला तेव्हाची गंमत आठवते का? दिवाळीच्या सुट्टीत तू निलंग्याला आली होतीस. पंखा घुंई घुंई करत होता, खाली हात लावला तर तव्यासारखा. तू म्हणालीस, स्क्रू सगळे सारखे नसतात, लांबीला वेगळे असतात, चुकीच्या जागी लांब स्क्रू पिळला तर बोर्डाला भोक पडतं. तर ते कुठून निघाले तसेच्या तसे मांडून ठेवायचे. त्यासाठी तू आईकडून ज्वारीचं पीठ मागून घेतलंस, घट्ट गोळा मळलास, परातीत थापून बोटानं त्यावर लॅपटॉपचा आकार काढलास, आणि मी जो स्क्रू काढीन तो त्याच्या जागी पिठात खोचायला लावलास. मग पंखा काढून मी अंगणात ब्रशनं झाडायला गेलो, तू सोबत आलीस, कारण मी पंखुडी मोडीन अशी तुला खात्री होती.

तेवढ्यात आई विहारातून आली. चष्मा नव्हता. परातीत पीठ बघून तिला वाटलं, कुणीतरी भाकर थापता थापता अर्धी सोडून गेलंय. तिनं तो गोळा उचलून पुन्हा मळला, थापला आणि तव्यावर टाकला. मला पहिली भाकर वाढली, भूक लागली असंल पोराला म्हणून. दुसऱ्या घासाला दातात स्क्रू आला. कळ मस्तकात गेली. मी ओरडलो. आणि तू, माझी सख्खी बहीण, माझ्या हातातली भाकर ओढून घेतलीस आणि तुकडे करून आधी स्क्रू शोधायला लागलीस. "दाताचं मागून बघू. एक कमी हाय. गिळलास का रे?" आई कपाळाला हात लावून, "लेकरानं लोखंड खाल्लं, लेकरानं लोखंड खाल्लं." लॅपटॉपला एक स्क्रू कमीच राहिला. त्यानंतर तू नांदेडहून थर्माकोल आणायला लागलीस.

असं किती सांगू. चहा सांडला होता तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो आणि तू फोनवर म्हणालीस, "उचल आन् खाली बघ." खाली बघतो तर कीबोर्डात सांडलेला चहा पोटाखालच्या भोकांतून सरळ खाली आलेला, आणि खाली एका सरपंचाचा अर्ज. लॅपटॉप कोरडा, अर्ज भिजलेला. "साहेब लोक बी सांडतेत," तू म्हणालीस, "म्हणून बनवणाऱ्यांनी मोरी ठिवलीय."

आणि गोदाबाईचा अर्ज. त्या वेळी आतला घड्याळाचा सेल गेला होता, मला पत्ताच नव्हता. सकाळपासून लिहिलेल्या प्रत्येक अर्जावर कुठल्या तरी जुन्या काळातली तारीख पडून राहिली होती. गोदाबाई विधवा पेन्शनचा अर्ज घेऊन आत गेली आणि बाबूनं तो भिरकावला. ती परत आली. तिला वाचता येत नव्हतं, बाबूनं सांगितलेलं साल तिनं मला सांगितलं. मग म्हणाली, "दादा, ह्या साली तर ते जिते होते की. भांडून राहिले होते माझ्यासंगं." तुला फोनवर सांगितलं तर तू इतकी हसलीस की खोकला लागला. मग लगेच आवाज बदलून, "बाजारात जा. चपटा सेल मिळतो, मनगटी घड्याळाच्या सेलापेक्षा मोठा. आण आन् मला फोन कर. आन् त्या बाईचा अर्ज फुकट लिहून दे." परवा हे आठवलं आणि मनात आलं, तो सेल बदलायलाच नको होता. हा विचार किती येडपट आहे ते मला कळतं. पण आला.

हां, तर बटण दाबलं आणि काही झालं नाही. मी तुझ्या सगळ्या पायऱ्या केल्या. दुसरा चार्जर लावून बघितला. रॅमच्या पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, परत बसवल्या, एक एक करून, मग जागा बदलून. पूर्वी अशानं दर वेळी जागा व्हायचा. मधे तर मला वाटायला लागलं होतं की ह्याला काही होत नाही, ह्याला फक्त खोडरबर लावून घ्यायची हौस आहे. आता चार्जर जोडला की कडेचा दिवा एकदा लागतो आणि विझतो. पंखा फिरत नाही. बीपसुद्धा नाही. तू म्हणायचीस, बीप वाजली तर चांगलं, बोलून राहिलंय म्हंजे जितं हाय. मी कान लावून बसलो होतो. आई म्हणाली, "कुणाचा फोन हाय?" मी म्हणालो, "कुणाचा न्हाई."

लातूरला एका दुकानात दाखवला. त्या माणसानं आतला वास घेतला आणि मान हलवली. बोर्ड भाजलाय, म्हणाला, ह्याचे बोर्ड आता येत नाहीत, ठेवून जा, भंगारात घेतो. मी त्याच्या हातातून लॅपटॉप असा ओढून घेतला की तो दचकलाच. "अहो, एवढं काय झालं?" म्हणाला. मला काहीच झालं नव्हतं. तेच तर.

घरी आणून त्याला पुसला. कीबोर्डच्या फटी ब्रशनं साफ केल्या. बंद पडलेला लॅपटॉप कुणी साफ करतं का? केला. आणि लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, तुझ्या फोटोसाठी आणलेल्या चौकटीशेजारी ठेवून दिला. ठरवलं, की हा आता इथंच राहील. कुणाला द्यायचा नाही, उघडायचा नाही. ज्याला तुझी इतकी बोलणी लागलीत तो माझ्या घरात राहील.

हे लिहिताना तू कपाळाला आठी घालून बघतीयेस असं वाटतं. कारण ह्यावरून आपण एकदा किती भांडलो होतो. बापाच्या माघारी त्याचा रेडिओ मी असाच फडताळात ठेवला होता. तू सुट्टीत आलीस, वाजत नाही म्हणून उघडलास, आणि संध्याकाळपर्यंत त्याचा ट्रान्सफॉर्मर एकाच्या ॲम्प्लिफायरात गेला, स्पीकर दुसऱ्याला गेला, आणि मोकळ्या खोक्यात आईची कोंबडी अंडी घालायला बसली. मी घरात आलो तर बापाच्या रेडिओतून कोंबडी बघून राहिली. मी तुला काय नाही ते बोललो. तुला माया न्हाई म्हणालो. तू म्हणालीस, "मेलेलं आख्खं ठिवायचं न्हाई, मिल्या. ज्याचं जे चालतंय ते दुसऱ्याला द्यायचं. मग काय पूजा करू का त्याची? आपल्यात पूजा असती का?" मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. मग माझंच काहीतरी बंद पडलं आणि बोलावं लागलं, तेव्हा भांडण तसंच अर्धं राहिलं. मला अजूनही वाटतं, तू मला विचारायला पाहिजे होतंस. रेडिओ तुझ्या एकटीच्या बापाचा नव्हता.

मग इरफानभाईंचा फोन आला. नांदेडचे, ज्यांच्या दुकानातून तू सुटे भाग घ्यायचीस. आधी आईचं विचारलं. मग म्हणाले, "भय्या, आपाने एका पोरीला जबान दिली होती. बिलोलीची हाय, नर्सिंग करून राहिली. तिच्याकडं तुमच्यासारखंच मॉडेल हाय, डिस्प्ले फुटलाय. नवा मिळत न्हाई, आपाने हैदराबादला बी विचारून बघितलं, मिळाला तर तिला परवडत न्हाई. आपा बोलल्या होत्या, कुठून बी आणून देते. पोरगी दोनदा दुकानात येऊन गेली. तिला अजून मालूम न्हाई आपा गेल्याचं. मला सांगवलं न्हाई. आपाच्या कपाटात एखादा असंल का?"

तुझं कपाट मीच रिकामं केलं होतं. शेवयाच्या डब्यात रॅम, लोणच्याच्या बरणीत स्क्रू, सगळं तुझ्या कॉलेजच्या लोकांना वाटलं. त्यात हा डिस्प्ले नव्हता. असा डिस्प्ले मला माहीत होता तेवढ्यात एकाच ठिकाणी होता, माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात, नीट पुसून ठेवलेला. मी म्हणालो, "बघतो." इरफानभाई म्हणाले, "देखो भय्या, जबरदस्ती न्हाई."

मी बघितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. कामावर गेलो, शेजारच्या अर्जनविसाचा कॉम्प्युटर मागून अर्ज लिहिले, घरी आलो. कपाट उघडायचं झालं तर वर बघायचं नाही. स्वतःशीच वाद घालत होतो, आणि समोर तू नव्हतीस म्हणून दोन्ही बाजूंनी मीच बोलत होतो. पोरीला दुसरीकडं मिळेल. मिळणार नाही, तू स्वतः हैदराबादला विचारून थकली होतीस. मग मी का देऊ? तू जबान दिलीस, मी नाही. आणि मग एक गोष्ट आठवली. तुझे डोळे द्यायला मी बाकड्यापासून टेबलापर्यंत चाललो आणि सही केली. एवढाच वेळ लागला मला. आणि एका काळ्या डब्याचा पडदा काही हातातून सुटत नव्हता. माणूस मी हाय का कोण हाय?

आज दुपारी काढला शेवटी. आई दारात बसून तुरीची डाळ निवडत होती. मी खाली चटईवर पांढरा टॉवेल अंथरला आणि थर्माकोल घेतला. तुझी पहिली पायरी आधी. चार्जर बाजूला, बॅटरी काढायची, आणि मग चालू करायचं बटण दाबून धरायचं, आत कुठं थोडीफार वीज अडकून राहिली असेल तर ती निघून जावी म्हणून. सगळी गेल्यावरच उघडायचं. मी दाबून धरलं. लई वेळ धरलं, लागतं त्यापेक्षा जास्त. मग पडद्याच्या चौकटीवरची रबरी बुचं सुईनं काढली, स्क्रू काढले, थर्माकोलात खोचले, कडेकडेनं पट्टी सोडवली, पेरानं, नखानं नाही. सगळं येत होतं मला. फोन लावायची गरज पडली नाही. हे येतंय हेच मला सहन होईना. कुठंतरी अडायला पाहिजे होतं, अक्का. अडलो असतो तर तुला विचारायचं आहे असं तरी वाटलं असतं.

पडद्याची केबल तेवढी राहिली होती आणि माझा हात अडला. दवाखान्यात सही करताना नाही अडला, तो आता अडला. पकड सुटेना आणि ओढवेनाही.

आई कधी उठून जवळ येऊन बसली कळलं नाही. लॅपटॉपकडंच बघत होती. म्हणाली, "मिल्या, एक इचारू का? रागावू नको."

"इचार."

"तिचे डोळे काढले तवा तिला दुखलं नसंल ना रे?"

इतके दिवस ती हे घेऊन फिरत होती. भात शिजवत होती, आल्यागेल्याला पाणी देत होती आणि आत हे. मी म्हणालो, "न्हाई, आई."

"तू बघितलंस का?"

"न्हाई. मला भाईर उभं केलं होतं."

"मग तुला काय ठावं?"

 मी तिला बाजूला काढून ठेवलेली बॅटरी दाखवली. म्हणालो, "आधी ही काढतेत. मग आत उरलीसुरली वीज बी जाऊ देतेत. ती पुरी गेल्यावरच हात लावतेत. मग कशालाच काही कळत न्हाई, आई. अक्कानंच शिकवलंय मला."

ती बॅटरीकडं बघत राहिली. हातात घेऊन बघितली. मग खाली ठेवली.

"पुरी गेलीय ना ह्याची?"

"हाव."

"मग काढ," ती म्हणाली. पदराला हात पुसले आणि पडद्याच्या दोन्ही कडा तिनं धरल्या, तान्ह्याचं डोकं धरतात तशा. मी केबल सोडवली. पडदा सुटून तिच्या हातात आला, आणि मला रडू आलं. एकदम, आवाज करून, शेजारच्या घरातून बाई बघायला आली इतकं मोठ्यानं. अक्का म्हणून ओरडलो मी, एवढा बाप्या माणूस. आईही रडत होती, पण तिनं पडदा सोडला नाही. हात लांब करून तो तिनं आमच्या दोघांपासून दूर धरला.

"रड," म्हणाली, "पर तिकडं तोंड करून रड. त्या पोरीच्या पडद्यावर पाणी पडंल."

मी तोंड फिरवलं.